तिथी बघा, मग समुद्रावर जा: ठाणे-नवी मुंबईत नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी तीन दिवसांची सहल

ठाण्यात किंवा नवी मुंबईत नव्याने राहायला आलेली मंडळी पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच विचारतात, "समुद्र एवढा जवळ आहे म्हणता, मग चौपाटी कुठे आहे?" मुलांना घेऊन वाशीच्या मिनी सी-शोरला जातात. तिथे वाळू नसते, चिखल आणि खारफुटी असते, आणि मग सगळे हिरमुसून परततात. खरं तर या दोन शहरांच्या उंबऱ्यावर समुद्रकिनारा आहे, दीड हजार वर्षांची लेणी आहेत, किल्ले आहेत, कोळीवाडे आहेत आणि हजारो रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतील अशी खाडी आहे. फक्त इथलं पाणी घड्याळावर चालत नाही. त्याचं वेळापत्रक समजून घेतलं, तर लोकल, रिक्षा आणि एका बोटीच्या भरवशावर तीन दिवसांची सुंदर सहल होते, तीही रोज रात्री आपल्याच घरी झोपायला येऊन.

आधी खाडी आणि समुद्र यांतला फरक

ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ही सगळी खाडीकाठची वस्ती. ठाण्याची खाडी आणि पनवेलची खाडी यांच्यामध्ये नवी मुंबई वसली आहे. खाडीत लाटा नसतात, गाळ असतो. तिथे पोहायचं नाही, पाण्यात उतरायचंही नाही. कमरेएवढा चिखल वरून अगदी कोरडा दिसतो. खाडी चालण्यासाठी आणि पक्षी बघण्यासाठी आहे. वाळूचा किनारा हवा असेल तर उरणला जायचं, आणि ठाण्याच्या पश्चिमेकडच्यांनी उत्तनला.

तिथीची पाऊणपट

सहलीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम घरी बसूनच करायचं आहे. भिंतीवरची दिनदर्शिका उघडा आणि ज्या शनिवारी जायचं त्या दिवशी तिथी कोणती ते बघा. कोकण किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच, आणि ही वेळ दिवसा येते तशी रात्रीही येते. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. दुसऱ्या दिवशी हेच सगळं पाऊण-एक तास पुढे सरकतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी.

हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत आतवर भरती थोडी उशिरा पोचते. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी भरती-ओहोटीचं अधिकृत वेळापत्रक मोबाइलवर एकदा ताडून बघाच. पण महिनाभर आधी सुट्टी ठरवायला तिथी पुरते.

माझी पसंती सांगते. शनिवारी एकादशी आणि रविवारी द्वादशी येईल असा आठवडा शोधा, आणि शुक्रवारची एक रजा टाका. एकादशीला सकाळी सव्वाआठच्या सुमारास भरती, म्हणजे पक्षी बघायला उत्तम. द्वादशीला दुपारी सव्वातीनला ओहोटी संपते, म्हणजे चार ते सहा या वेळात किनाऱ्यावर वाळू ऐसपैस मोकळी असते आणि पाणी हळूहळू आत येत असतं. मुलांबरोबर किनाऱ्यावर असताना पाणी चढतं असावं, उतरतं नसावं. उतरतं पाणी पायाखालची वाळू ओढत माणसाला आत नेतं. पौर्णिमेला संध्याकाळी साडेपाच-सहाला ओहोटी असते, दुपारभर पाणी बाहेर ओढत असतं. चांदणं पडलेला किनारा कितीही देखणा असला, तरी तेव्हा फक्त काठाने चालावं.

अगदी एकादशीच मिळाली पाहिजे असं नाही, दशमी किंवा त्रयोदशीही चालते. महिना मात्र जानेवारी किंवा फेब्रुवारी निवडा. रोहित आलेले असतात, उन्हाचा चटका नसतो, समुद्र शांत असतो. जून ते सप्टेंबर हा बेत मनातसुद्धा आणू नका. समुद्र खवळलेला, मासेमारी जून-जुलैत बंद, आणि बोटींचा भरवसा नाही.

शुक्रवार: घारापुरी

घारापुरी, म्हणजेच एलिफंटा बेट, पहिल्या दिवशी घ्यायची, कारण सोमवारी लेणी बंद असतात आणि शनिवार-रविवारी गर्दी फार. बेट रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात येतं, पण बहुतेक बोटी सुटतात गेटवे ऑफ इंडियाहून. नवी मुंबईकरांनी हार्बरने सीएसएमटी गाठावं, ठाणेकरांनी मध्य रेल्वेने, आणि पुढे बस किंवा टॅक्सी. सकाळी नऊच्या सुमाराची पहिली बोट साधायची. बोटीला साधारण तास लागतो. लाइफ जॅकेट द्यायला टाळाटाळ झाली तर मागून घ्या, आणि लहान मुलांना त्यांच्या मापाचं आहे ना ते बघूनच बसा. त्यावर तडजोड नको.

धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, मुलांना ती आवडते. पुढे सुमारे १२० पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी डोली मिळते. भाव आधीच ठरवावा. माकडं धीट आहेत, हातात खाऊ किंवा थंड पेयाची बाटली दिसली की झडप घालतात, तेव्हा खाणंपिणं पिशवीत बंद ठेवा. भारतीयांना पुरातत्त्व खात्याचं तिकीट ४० रुपये आहे आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही.

आता मुख्य लेण्याकडे. १९८७ साली हे लेणं जागतिक वारशाच्या यादीत गेलं. सहाव्या शतकाच्या सुमाराचं हे काम, एकाच कातळात आत शिरत कोरलेलं. बहुतेक कुटुंबं त्रिमूर्तीसमोर फोटो काढतात आणि दहा मिनिटांत बाहेर पडतात. माझी कळकळीची विनंती आहे, इथे किमान एक तास द्या. त्रिमूर्ती जवळजवळ वीस फूट उंच आहे. तिच्यासमोर आलात की लगेच मोबाइल काढू नका. आतल्या अंधाराला डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढं मुलांना घेऊन शांत उभे राहा. मग आधी आपल्या डाव्या हाताचा चेहरा बघा. तो अघोर आहे, शंकराचं उग्र रूप. भुवया आक्रसलेल्या, ओठांवर मिशी, हाताशी नाग. मग उजवीकडचा वामदेव, त्याचंच सौम्य रूप, गालांची गोलाई मऊ, हातात कमळ. आणि मधला चेहरा, डोळे मिटलेले, खालचा ओठ जाड, कुणाकडेच न बघणारा. राग, कोमलपणा आणि शांती एकाच खांद्यांवर आहेत, हे पाच वर्षांच्या मुलालाही न समजावता दिसतं.

त्यानंतर मुलांना शोधखेळ द्या. कैलास हलवणारा रावण कुठे आहे? अर्धं शरीर पुरुषाचं आणि अर्धं स्त्रीचं असलेली मूर्ती कोणती? लग्नात लाजणारी पार्वती सापडते का? जटेत गंगा झेलणारा शंकर कोणत्या बाजूला? सगळे पट मुख्य लेण्यातच आहेत. बऱ्याच मूर्तींचे हातपाय तुटलेले आहेत. ते का तुटले, असं मुलं विचारतीलच. पोर्तुगीज काळातली मोडतोड आणि नंतरची वर्षानुवर्षांची हेळसांड, दोन्ही सांगा. बेटावरचा जो दगडी हत्ती पाहून पोर्तुगीजांनी या जागेला एलिफंटा म्हटलं, तो आता भायखळ्याच्या जिजामाता उद्यानाच्या आवारात आहे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना फुटला, म्हणून इथेच राहिला.

वेळ उरला तर वर तोफांच्या टेकडीवर जा, तिथून न्हावा-शेव्याचं बंदर समोर दिसतं. दुसऱ्या टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. या बेटावरच्या गावांमध्ये कायमची वीज आली ती थेट २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. समोर एवढी झगमगती मुंबई, आणि इथे तोवर रात्री काही तासांचं जनरेटर. तिथल्या खानावळीत जेवा, दोन पैसे गावात राहू द्या. परतीची शेवटची बोट किती वाजता, हे उतरतानाच धक्क्यावर विचारून ठेवा.

शनिवार: रोहित, खारफुटी आणि बेलापूरचा किल्ला

हा दिवस सोपा, घराजवळचा. सकाळी साडेसातपर्यंत सीवूड्स-दारावे स्टेशनवर उतरून रिक्षाने डीपीएस तलाव गाठा, किंवा पाम बीच मार्गावर टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीकडे जा. भरतीला खाडीतला गाळ पाण्याखाली गेला की तिथे चरणारे रोहित उठतात आणि आतल्या उथळ तळ्यांवर येऊन बसतात. म्हणूनच आपण सव्वाआठची भरती निवडली. पाणी चढत जातं तसे थवे डोक्यावरून यायला लागतात. पंखांच्या आतला लाल-काळा रंग उडतानाच दिसतो, बसलेल्या पक्ष्यात तो झाकलेला असतो. आकाराने लहान आणि गडद चोचीचे असतात ते धाकटे रोहित, इथे त्यांचीच संख्या जास्त. फिकट, उंच आणि चोचीच्या टोकाला तेवढं काळं, ते थोरले. शेवाळ आणि बारीक जीव खाऊन त्यांना हा रंग चढतो, हे ऐकून मुलं जेवणाच्या ताटाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात.

आवाज करू नका, दगड तर अजिबात मारू नका. थवा उडवून फोटो काढणारे लोक दिसतात, त्यांना नम्रपणे पण स्पष्ट अडवा. दुर्बीण असेल तर घ्या. नसेल तर खारफुटीच्या मुळांशी बघत बसा. निवटे चिखलावर टुणटुण उड्या मारत फिरतात, मासा असून पाण्याबाहेर. एकेक खेकडा आपलं बीळ राखत उभा असतो.

ज्यांना बोटीतून पक्षी बघायचे आहेत त्यांनी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात आधी नोंदणी करावी. तिथल्या फेऱ्यांच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात, तेव्हा फोन न करता जाऊ नका. ठाणे खाडीतला हा पट्टा २०१५ मध्ये रोहित अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. केंद्रातलं छोटं प्रदर्शन आणि खारफुटीतली लाकडी पायवाट ठाणेकरांना तर अर्ध्या दिवसाच्या सहलीला पुरेशी आहे.

उन्हं चढली की बेलापूर. किल्ला म्हणून भव्य काही अपेक्षू नका. बुरूज आणि भिंतींचे अवशेष उरले आहेत. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि १८१७ मध्ये इंग्रज, अशा चौघांनी हा एवढासा किल्ला आळीपाळीने घेतला, कारण इथून पनवेलच्या खाडीत शिरणाऱ्या प्रत्येक गलबतावर नजर राहायची. मुलांना बुरुजाजवळ उभं करून पाणी कुठे आहे ते दाखवा, इतिहास आपोआप कळतो. जवळच गावठाणात अमृतेश्वराचं देऊळ आहे. बाजूच्या दिवाळे कोळीवाड्यात मासळीबाजार भरतो. घरी एकादशीचा उपास असेल तर बाजार नुसता बघून या, साबुदाण्याच्या खिचडीवर भागवा आणि मासळी द्वादशीला खा.

संध्याकाळी नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईत पाण्याकाठी एक चक्कर. तिथे आजी-आजोबांना बसायलाही जागा आहे. एवढं बास. दुसऱ्या दिवशी पाय लागणार आहेत.

रविवार: उरण

नेरूळ किंवा बेलापूरहून उरण लोकल. ठाणेकरांनी ट्रान्स हार्बरची पनवेल गाडी पकडून नेरूळला उतरावं आणि गाडी बदलावी. उरणपर्यंतचा रेल्वेमार्ग १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला, अटल सेतूच्याच दिवशी. त्याआधी उरण गाठायला कंटेनरच्या रांगांतून बसने जावं लागायचं. गाड्या तासाभराच्या अंतराने असतात, म्हणून जायची आणि यायची अशा दोन्ही वेळा लिहून ठेवा. प्रवास पाऊण तासाचा. खिडकीतून एका बाजूला खारफुटी आणि खाजणं, दुसरीकडे जेएनपीटीचे, म्हणजे न्हावा-शेवा बंदराचे, डोंगराएवढे कंटेनर.

किनाऱ्यावर चारला पोचायचं आहे, त्यामुळे सकाळ मोकळी आहे. ती दोन जागांसाठी ठेवा. रिक्षा दिवसभरासाठी ठरवून घेतली तर सोयीचं पडतं.

पहिली जागा जासई. नवी मुंबईत फ्लॅट घेतलेल्या प्रत्येकाने इथलं हुतात्मा स्मारक बघावं, असं मला मनापासून वाटतं. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन शहरासाठी घेतली गेली. मोबदल्यासाठी आगरी-कोळी शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला इथे गोळीबार झाला, पाच जण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना या लढ्यातून आली. आपण ज्या सेक्टरमध्ये राहतो तिथे आधी कुणाची भातशेती होती, मिठागर होतं. मुलांना हे शाळेच्या पुस्तकात मिळेलच असं नाही.

दुसरी जागा चिरनेर. २५ सप्टेंबर १९३० ला इथल्या अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला आणि इंग्रज सरकारच्या गोळीबारात आठ जण हुतात्मा झाले. स्मारक बघा, महागणपतीचं दर्शन घ्या, आणि दुपारच्या जेवणाला उरणकडे परता.

जेवण घरगुती खानावळीतच घ्या. तांदळाची भाकरी, मांदेली किंवा बोंबील, करंदीचं कालवण. पाटीवर जिताडा दिसला तर दर ऐकून दचकू नका, खाडीतल्या या माशाची चव रायगडकर पाहुण्यांसाठी राखून ठेवतात. जानेवारीत आलात तर पोपटीची चौकशी करा. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, चिकन असं सगळं भांबुर्डीच्या पाल्यासकट मडक्यात भरतात, मडकं उपडं घालून भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. आधी सांगावं लागतं, आयत्या वेळी मिळत नाही.

चारला पिरवाडी. हा उरणच्या नागावचा किनारा. अलिबागचं नागाव वेगळं, मोबाइलवर रस्ता शोधताना नीट बघा. सुरूची झाडं, टोकाला दर्गा, मधूनमधून खडक. वाळू पांढरीशुभ्र नाही, पण ओहोटीनंतर सपाट आणि घट्ट असते, चालायला छान. आता मुलांना खाली वाकायला सांगा. ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल, प्रत्येक नक्षीच्या मधोमध एक भोक. करंगळीच्या नखाएवढे खेकडे वाळू तोंडात घेतात, त्यातलं खाण्याजोगं तेवढं गाळून घेतात आणि उरलेली गोळी करून मागे टाकतात. पाऊल वाजलं की सगळे एकदम गडप. दोन मिनिटं न हलता उभं राहिलं की पुन्हा एकेक वर येतो. भरतीचं पाणी येऊन ही सगळी नक्षी पुसून टाकतं, आणि उद्या पुन्हा नवी.

पाण्यात उतरायचं ते गुडघ्यापर्यंतच, मोठ्यांनीही. खडकांवर चप्पल काढू नका, शेवाळ निसरडं असतं आणि कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात. अंधार पडायच्या आत वर या. करंजाच्या बाजूला नौदलाची शस्त्रागारं आहेत. त्या भागात ड्रोन उडवणं, कुंपणाजवळ फोटो काढणं कटाक्षाने टाळा.

पिशवीत प्रत्येकाचा एक कपड्यांचा जादा जोड, टॉवेल, गोड्या पाण्याच्या दोन बाटल्या, हळद किंवा जंतुनाशक मलम, टोप्या आणि एक रिकामी कचऱ्याची पिशवी. किनाऱ्यावर कचराकुंडी सापडेलच असं नाही.

आणखी एक दिवस मिळाला तर

करंजाच्या धक्क्यावरून रेवसला लाँच जाते, धरमतरची खाडी पंधरा-वीस मिनिटांत ओलांडते. तिथून अलिबाग. पेण-वडखळचा वळसा वाचतो. अलिबागला कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो, पण त्यासाठी तिथी वेगळी लागते. पंचमी-षष्ठीला ओहोटी सकाळी दहा ते पावणेअकराच्या सुमारास येते, तेव्हा जाऊन-येऊन किल्ला आरामात होतो. किनाऱ्यावरच्या लोकांना परतीची वेळ विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नका.

घोडबंदर रोडकडच्या ठाणेकरांना उरण लांब वाटत असेल तर एका दिवसात उत्तन होतं. भाईंदर स्टेशनहून बस मिळते. वेलंकनी मातेचं चर्च, ख्रिस्ती कोळ्यांची वस्ती, वाळत घातलेल्या बोंबलांच्या वलांडी, आणि डोंगरावर धारावी किल्ला. चिमाजी अप्पांनी वसई घेण्याआधी, १७३९ मध्येच, हा घेतला, कारण वसईच्या खाडीचं तोंड इथून दिसतं. जाताना वाटेत घोडबंदरचा किल्लाही बघून होतो. तिथे सकाळी लवकर जा आणि पाणी घरून न्या.